जुन्या नोटेचे मोल

आमच्या सुरतेच्या घरी, देवघरातील ज्ञानेश्वरीच्या पानांत, एक रुपयाची जुनी नोट ठेवलेली असे. आजोबांच्या आजोबांनी आपल्या पगारातून ती जपून ठेवली होती. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा सरकारने १९१७ साली चांदीच्या रुपयाऐवजी ही कागदी नोट काढली. पंचम जॉर्जची मुद्रा असलेले नाणेच तिच्यावर छापलेले आहे. पुढे १९२६ साली ती काढणे बंद झाले.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचा महापूर आमच्या घरात शिरला. पाणी ओसरल्यावर पोथी गाळात सापडली. नोट शाबूत होती, मात्र तिच्या कोपऱ्यावर एक तपकिरी डाग कायमचा राहिला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या कानावर आले, की अशा नोटांना संग्राहक पुष्कळ पैसे देतात. मला सायकल हवी होती! डाग गेला तर किंमत वाढेल, असा विचार करून मी आजोबांच्या नकळत साबणाच्या ओल्या फडक्याने नोट पुसली आणि वर इस्त्रीही फिरविली.

मग ती घेऊन मी ओळखीच्या एका संग्राहकांकडे गेलो. त्यांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "धुतलीस ना?" माझी मान खाली गेली. त्यांनी समजावून सांगितले, की नोट केवळ जुनी असून भागत नाही. तशा किती उरल्या आहेत, सही कोणाची आहे, घड्या व टाचणीची भोके किती आहेत, हे सारे पाहिले जाते. कागदाचा मूळचा करकरीतपणा एकदा गेला, की तो परत आणता येत नाही. डागासह ठेवली असती तर बरे झाले असते.

घरी येऊन मी आजोबांना सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. पुसट झालेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवीत ते एवढेच म्हणाले, "बाळ, डाग होता तोवर ही आपली नोट होती. आता ती नुसती जुनी नोट आहे."

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी त्यांच्याजवळ बसलो आणि पुराची हकीकत त्यांच्या तोंडून ऐकून एका कागदावर उतरून घेतली. नोट आता पुन्हा ज्ञानेश्वरीत आहे, आणि तिच्याशेजारी तो कागद आहे. सायकलची आठवण मात्र मला पुन्हा झाली नाही.