नातीच्या इंटरचा प्रवेश

दहावीचा निकाल लागला की आदिलाबादच्या मराठी घरांत 'किती पडले' ह्या प्रश्नामागोमाग दुसरा प्रश्न येतो, तो 'हैदराबादेत कुठे घालणार' हा. आमच्या नातीला ६०० पैकी ५७१ गुण मिळाले, तेव्हा पेढ्यांचा पुडा सुटायच्या आत राजधानीतल्या एका निवासी ज्युनियर कॉलेजचे पीआरओ आमच्या ओसरीवर येऊन बसले होते. (ही पीआरओ नावाची व्यक्ती आता आमच्याकडे विमा एजंटाइतकी परिचित झाली आहे.) गृहस्थ नम्र होते. फी निम्मी करू, वरच्या तुकडीत बसवू, मुलगी हुशार आहे, तिला इथे ठेवणे हा तिच्यावर अन्याय होईल, असे ते म्हणाले. चहा घेऊन ते गेले, आणि घरात जो वाद सुरू झाला तो पुढे महिनाभर चालला.

पीआरओंना जे ठाऊक नव्हते ते आम्हा घरच्यांना ठाऊक होते. आमची नात आठवीपासून प्रत्येक परीक्षेच्या सकाळी उलट्या करीत असे. पोटात दुखते म्हणून तिची सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झाले. पोटात काही नव्हते. सोडवलेले गणित ती खोडून पुन्हा सोडवी, उत्तर तेच येई, तरी तिसऱ्यांदा सोडवी. रात्री दीड वाजता तिच्या खोलीतला दिवा जळताना दिसे. एवढे असूनही ती वर्गात पहिली येई, आणि ती पहिली येते म्हणून बाकीच्या गोष्टींकडे 'अभ्यासू आहे' एवढ्या एका शब्दात पाहिले जाई.

एका संध्याकाळी ती स्वतःहून जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, तिथं नंबर लागणार नाही असं मला वाटत नाही. लागेल. पण लागल्यावर दर आठवड्याला तो टिकवायचा ना, म्हणून पोटात कालवतं." आमच्या सगळ्या विचाराला वळण मिळाले ते ह्या वाक्याने. अभ्यासाच्या ओझ्याची तिला भीती नव्हती. ओझे तिने आनंदाने उचलले असते. तिला भीती होती ती फळ्यावर लागणाऱ्या यादीची.

ज्यांची मुले तिकडे शिकली त्यांना ह्या निवासी कॉलेजांची रीत माहीत आहे. पहाटे उठवणे, रात्री उशिरापर्यंत देखरेखीखाली अभ्यास, घरी फोन ठरलेल्या दिवशी, बाहेर पडायला महिन्यातला एखादा रविवार. आणि ह्या सर्वांच्या मध्यभागी साप्ताहिक परीक्षा. तिच्या गुणांवरून तुकड्या पुन्हा पुन्हा लावल्या जातात. आज वरच्या तुकडीत असलेली मुलगी पुढच्या महिन्यात खालच्या तुकडीत बसलेली असते, आणि ते सगळ्या वसतिगृहाला कळते. ज्या मुलाला स्पर्धेची झिंग चढते त्याला हे मानवतेही. अशी मुले आमच्या नात्यात आहेत, आणि ती उत्तम शिकली. म्हणून ही कॉलेजे सरसकट वाईट, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु मुलामुलांत फरक असतो. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन ह्या दोघा अमेरिकी संशोधकांनी उंदरांना विजेचे लहानमोठे धक्के देऊन शिकवण्याचे प्रयोग केले. काम सोपे असेल तेव्हा जोराच्या धक्क्याने उंदीर लवकर शिकले. काम अवघड असेल तेव्हा मात्र धक्का एका मर्यादेपलीकडे वाढवला की त्यांचे शिकणे मंदावले. उंदरांवरून माणसाची परीक्षा करू नये हे खरे. तरी इंटरचे गणित हे सोपे काम नव्हे, आणि आमच्या नातीला धक्का बाहेरून द्यावा लागत नाही, तो तिच्या आतच सुरू असतो, एवढे आम्हाला त्यातून उमगले.

दुसरी गोष्ट हर्बर्ट मार्श ह्या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनात सापडते. १९८० च्या दशकापासून त्यांनी दाखवत आणले की, सारख्याच कुवतीची दोन मुले घेतली आणि एकाला निवडक हुशारांच्या शाळेत, दुसऱ्याला साध्या शाळेत घातले, तर पहिल्याचे स्वतःच्या अभ्यासाविषयीचे मत खाली जाते. लहान तळ्यातला मोठा मासा, असे त्याला नाव पडले. हैदराबादेच्या त्या वर्गात सगळेच पाचशे एकाहत्तरवाले. त्यांतही कुणीतरी साठावा येणारच. साठावे येण्यात गैर काही नाही. पण आजवर पहिलेपणावरच स्वतःला तोलत आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला ते कोण समजावून सांगणार, आणि कोणत्या भाषेत? आमची नात तेलुगू झकास बोलते, इंग्रजीत लिहिते. 'पोटात कालवतं' हे मात्र तिला मराठीतच सांगता येते.

ही काळजी केवळ आमच्या घरची नाही. १८ एप्रिल २०१९ रोजी तेलंगणाच्या इंटरचा निकाल लागला. गुणांच्या नोंदीत चुका झाल्याचे पुढे चौकशी समितीने सांगितले, पण तोवर वीसहून अधिक मुलांनी आपला जीव संपवला होता. त्या दिवसांत आदिलाबादच्या बाजारातही दुसरा विषय नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सोळा वर्षांखालील मुलांना तेथे प्रवेश देऊ नये, असे सांगितले. कॉलेज आणि शिकवणी एकाच छताखाली नांदत असतील तर ही सूचना कोणत्या दाराने आत जाते, हे पाहण्यासारखे आहे.

आमच्या पिढीला हे सगळे नवे वाटते, त्याला कारण आहे. १९५६ साली किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून सीमेपलीकडे गेले. आमची घराणी पैनगंगेच्या अलीकडे राहिली; शेती, जिनिंग, नातीगोती दोन्हीकडे विखुरली. तेव्हा मुले शिकायला गाडीने मुदखेडमार्गे नांदेडला जात. तेथे १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले होते, पुढे नरहर कुरुंदकरांसारखा माणूस तेथे शिकवीत होता. इंटरला एकदोन वर्षे काढलेले कितीतरी गृहस्थ आम्ही जवळून पाहिले. ते वकील झाले, शिक्षक झाले, कापसाचे व्यापारी झाले. गटांगळी खाल्ली तर वडील रागावत. पण गटांगळी खाऊन पुन्हा बसता येते, हे घरात सर्वांना मान्य असे. आजच्या मुलांकडून हा मोकळेपणा आपण काढून घेतला आहे.

मग नातीलाही नांदेडला किंवा लातूरला का घालू नये? हा प्रश्न घरात निघालाच. लातूर पॅटर्नची कीर्ती आमच्याकडेही पोचली आहे. येथे सीमेवरच्या माणसाची जुनी अडचण आडवी येते. तेलंगणात 'स्थानिक' ठरायचे तर बारावीपर्यंतची सलग चार वर्षे राज्यातच शिकलेली असावी लागतात. वैद्यकीय प्रवेशाच्या बाबतीत हा नियम सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला. उलट महाराष्ट्रातल्या राज्य कोट्याला सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही तिकडचीच लागतात. म्हणजे दहावी इकडे आणि बारावी तिकडे केलेले मूल दोन्ही घरचा पाहुणा होऊन बसते. कुणाच्या आग्रहाखातर मुलाला पलीकडे पाठवण्यापूर्वी आपल्या वाचकांनी हा हिशेब कागदावर मांडावा. शिवाय लातूर झाले तरी यादी ती यादीच.

बासरचाही विचार झाला. आपल्यापैकी पुष्कळांचे अक्षराभ्यास तेथल्या सरस्वतीसमोर झालेले आहेत. तेथे २००८ साली राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठ निघाले. दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो आणि इंटर व अभियांत्रिकी मिळून सहा वर्षांचा सलग अभ्यासक्रम असतो. मध्ये प्रवेशपरीक्षेचा घाट नाही, हे आम्हाला फार आवडले. पण तेही निवासी. ज्या मुलीला रात्री दीडला कुणीतरी दिवा मालवायला सांगावे लागते, तिला सध्या घराबाहेर ठेवायचे नाही, हे एव्हाना आमचे ठरत आले होते.

सूनबाईंचे मात्र ठरले नव्हते, आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. त्या म्हणाल्या, "आबा, तिला जपायचं म्हणून तिचे पंख कापू नका. इथं भौतिकशास्त्राला वर्षभर लेक्चरर मिळत नाही. उद्या तीच म्हणेल, मला का पाठवलं नाही." लेक्चररांच्या रिकाम्या जागा हे आमच्या जिल्ह्याचे जुने दुखणे आहे, आणि मोठ्या संधी तीनशे किलोमीटर लांब आहेत, हेही खरे. त्यावर आमच्याजवळ खोडून काढणारे उत्तर नव्हते. आमचे म्हणणे इतकेच होते की, भौतिकशास्त्राची उणीव शिकवणी लावून भरता येईल. झोपेची उणीव कोणत्याही शिकवणीने भरत नाही.

तेव्हा चिरंजीव आणि आम्ही गावातली तीन कॉलेजे पायाने पाहून आलो. निकालाचे फलक वाचले नाहीत. विचारले ते असे: साप्ताहिक परीक्षेचे गुण भिंतीवर लावता की मुलाच्या हाती देता? एका वर्गात किती मुले? गैरहजर राहिलेल्या मुलाच्या घरी फोन कोण करते? एका ठिकाणी प्राचार्यांना प्रश्नच विचित्र वाटले. दुसऱ्या ठिकाणी यादीचे चित्र मोबाइलवर सर्व पालकांना पाठवण्याची सोय आहे, असे अभिमानाने सांगण्यात आले. तिसरे कॉलेज जुन्या इमारतीत, प्रयोगशाळा बेताची. तेथले गणिताचे सर बोलता बोलता दारातून जाणाऱ्या मुलांना नावाने हाका मारीत होते. गुण हाती देतो, म्हणाले. भिंतीवर लावायला आमच्याकडे भिंतच नीट नाही. सूनबाई ह्या उत्तराला हसल्या, आणि प्रवेश तेथेच झाला. गट एमपीसी, कारण गणित नातीला खरोखर आवडते.

कॉलेज बदलल्याने दुखणे जात नाही, हेही नमूद केले पाहिजे. प्रवेशाच्या आधीच तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले होते. आपल्या समाजात ही गोष्ट अजून मागच्या दाराने केली जाते; आम्ही पुढच्या दाराने गेलो आणि कुणी विचारले तर सांगतोही. डॉक्टरांनी औषध थोडे दिले, बोलणे पुष्कळ केले. उत्तर एकदाच तपासायचे, दिवा साडेदहाला मालवायचा, असे दोन नियम तिने स्वतःच वहीत लिहून घेतले. ज्यांना लगेच डॉक्टर गाठता येत नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा विनामूल्य क्रमांक आहे. तो २०२२ पासून चालू आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

२०२३ पासून तेलंगणाच्या अभियांत्रिकी प्रवेशात इंटरच्या गुणांचे २५ टक्के वजन उरलेले नाही, ही माहिती आम्ही तिला मुद्दाम दिली. तिला त्याने हायसे वाटले, सूनबाईंना नाही. "मग सगळा भार त्या एका परीक्षेवर आला ना," त्या म्हणाल्या. तेही खरेच. त्या परीक्षेला अजून अवकाश आहे, आणि घरात तिचे नाव फारसे निघत नाही. भौतिकशास्त्रासाठी गावातल्या एका निवृत्त लेक्चररांकडे ती आठवड्यातून तीनदा सायकलने जाते.

सहामाही परीक्षेच्या पहिल्या सकाळी उलटी झाली, दुसऱ्या दिवशी झाली नाही. गणितात ती तिसरी आली. हे तिनेच जेवताना सांगितले, आणि पुढे ताकाची वाटी मागितली.