सेमिनारचं टेबल

अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या अ‍ॅनापोलिसला सेंट जॉन्स नावाचं छोटं कॉलेज आहे. तिथलं सेमिनारचं टेबल सोमवारी आणि गुरुवारी रात्री जागं होतं. त्याच्यापुढे व्यासपीठ नसतं, लेक्चर नसतं. भोवती मुलं बसतात, त्यांच्यातच दोन शिक्षक. त्यांना इथे प्राध्यापक नव्हे, ट्यूटर म्हणतात. त्यांच्यापैकी एक जण प्रश्न टाकतो, समजा, होमरच्या काव्यातल्या अकिलीजच्या रागाबद्दल, आणि गप्प होतो. मग बराच वेळ कुणीच बोलत नाही. टेबलाला घाई नसते.

त्याचा हा स्वभाव 1937 पासूनचा. कर्जात बुडत चाललेलं कॉलेज स्ट्रिंगफेलो बार आणि स्कॉट ब्यूकॅनन यांच्या हाती आलं. त्यांनी सगळ्यांसाठी एकच अभ्यासक्रम आखला: होमर, प्लेटो, युक्लिड, न्यूटन, शिवाय ग्रीक आणि फ्रेंच. खास विषय निवडायची सोय नाही. कवितेत रमणाऱ्या मुलीलाही फळ्यापाशी उभं राहून युक्लिडचं प्रमेय सिद्ध करावं लागतं.

टेबल कडक आहे, पण पक्षपाती नाही. मोठ्या टीकाकाराचं नाव घेतलंत म्हणून ते दबत नाही. पुस्तकात कुठे आहे ते दाखवा, म्हणतं. अठरा वर्षांच्या पोरालाही इथे ‘मिस्टर कुलकर्णी’ म्हणतात, आणि ट्यूटरलाही तसंच. मला त्याचा हा गुण फार मोलाचा वाटतो. आपल्या मुलांना इतक्या लहान वयात कुणी इतकं गांभीर्यानं ऐकून घेत नाही.

चार वर्षांनी हातात काय पडणार, हा आईबाबांचा प्रश्न रास्त आहे, आणि टेबल त्याचं उत्तर देत नाही. 2019 मध्ये शिकवणीची फी सुमारे 52 हजार डॉलरवरून 35 हजारांवर आणली होती, तरी मध्यमवर्गीय मराठी घराला ती जडच. राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. इंजिनिअरिंगची पदवी इथे मिळत नाही. ज्या मुलाचा जीव पूल बांधण्यात आहे, त्याला केवळ नावाच्या मोहानं इथे पाठवू नये. तो कंटाळेल, आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल.

पण ज्या मुलीला उत्तर मिळाल्यावरही प्रश्न सोडवत नाही, तिनं एकदा इथे यावं. प्रवेशाचा विचार करणाऱ्यांना सेमिनारला पाहुणं म्हणून बसता येतं. बोलायचं मात्र नसतं, नुसतं ऐकायचं. रँकिंगचे तक्ते बाजूला ठेवून तिनं त्या रात्री स्वतःकडे लक्ष द्यावं: चर्चा लांबत असताना नजर घड्याळाकडे जात होती, की कुणीतरी चुकीचं बोललं तेव्हा मध्येच तोंड उघडण्यापासून स्वतःला आवरावं लागत होतं?