कापलेला पीएफ गेला कुठे?

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी काम करत होतो, तेव्हा आमच्या प्रशासन विभागात माणसं दोनच होती: मॅडम आणि मी. हजेरीचं मस्टर, पगारपत्रक, गेटपास, पाण्याचे जार, कामगारांच्या उचलीच्या चिठ्ठ्या, सगळं मॅडमच्या टेबलावर यायचं. पण साध्या व्हाउचरवर सही करायचा अधिकारही त्यांना नव्हता. सही साहेबांची, आणि साहेबांच्या येण्याला ठरलेला दिवस नव्हता.

एक हजाराहून कमी कामगार असतील, तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत पगार द्यायचा, असं वेतन अदायगी अधिनियम, १९३६ सांगत होता. आमच्याकडे सात तारीख उलटली की मॅडमच्या खिडकीशी गर्दी व्हायची. कुणाचं घरभाडं तुंबलेलं, कुणाची भिशी. ‘पार्टीचं पेमेंट आलं की लगेच करतो,’ हे साहेबांचं उत्तर मॅडमना स्वतःच्या तोंडानं द्यावं लागे. शिव्याही त्यांनाच खाव्या लागत. याचा मला आजही राग येतो.

उशिराचा पगार निदान हातात तरी पडायचा. पीएफचं तसं नव्हतं.

मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असतील, तर कामगाराच्या वाट्याचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. तेवढेच मालकानं घालायचे, त्यातले वेतनाच्या ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात. ही सगळी रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. आमच्या पगाराच्या स्लिपवर कपात दर महिन्याला छापली जात होती, चलन मात्र भरलं जात नव्हतं. ते पैसे कच्च्या मालाला जात होते.

एका वेल्डरनं उमंग ॲपवर पासबुक उघडलं आणि मोबाइल खिडकीतून आत सरकवला. ‘मॅडम, तुम्हीच सांगा, आमचे पैसे गेले कुठं?’ कित्येक महिन्यांची नोंदच नव्हती.

मॅडमनी त्याच दिवशी साहेबांसाठी टिपण लिहिलं. थकलेल्या रकमेवर पीएफ कायद्याच्या कलम ७क्यूप्रमाणे वर्षाला १२ टक्के व्याज, कलम १४बीप्रमाणे वेगळा दंड. शिवाय कामगाराचा कापलेला हिस्सा न भरणं हा फौजदारी विश्वासघात, असं तेव्हाच्या भारतीय दंड विधानाच्या कलम ४०५ च्या स्पष्टीकरणात नमूद होतं. ‘पुढच्या महिन्यात एकदम भरू,’ असं म्हणून साहेबांनी कागद बाजूला ठेवला. मॅडमनी तोच मजकूर ईमेलनं पाठवला, आणि त्यानंतर प्रत्येक गोष्ट लेखीच मागू लागल्या.

पुढे विचारायला आलेल्या कामगारांना त्यांनी भविष्यनिर्वाह निधीच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार कशी करायची, पीएफचा यूएएन क्रमांक कुठे टाकायचा, स्लिपचा फोटो कसा जोडायचा, हे समजावून सांगितलं. नोकरी जाण्याची भीती त्यांनाही होती. घर त्यांच्याच पगारावर चालत होतं.

पीएफ कार्यालयाचं पत्र आलं, तेव्हा साहेबांनी पहिलं विचारलं, ‘यांना हे शिकवलं कुणी?’ मॅडम म्हणाल्या, ‘मी.’ चौकशीत मस्टर आणि पगारपत्रकं त्यांनीच सादर केली. थकबाकी हप्त्याहप्त्यानं भरली जाऊ लागली, आणि वेल्डरच्या पासबुकात जुन्या महिन्यांच्या नोंदी चढू लागल्या.