बंद पडली तर?

सप्टेंबर २०२५च्या मध्यावर बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात असा पाऊस कोसळला, की कड्याच्या परिसरात पाण्यात अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं उचलून आणावी लागली. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसणाऱ्या मुलखाला एवढं पाणी झेपण्यासारखं नव्हतंच. पुरात बुडून निघालेल्या मोटारसायकलचं ऑइलचं झाकण फिरवलं, की त्याच्या काडीवर काळ्या-तपकिरी ऑइलऐवजी दुधाळ, फेसाळ पाणी येतं. ते दिसलं की किकला पाय लावायचा नसतो. आधी प्लग काढायचा, सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायचं, ऑइल सांडून नवं भरायचं, इंजिन थोडं चालवून तेही फेकून द्यायचं, मग वायरिंगचे कपलर एकेक सोडवून वाळवत बसायचं. रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याला हे तोंडपाठ असतं. आणि त्या पावसानंतर आठवड्याभरातच, २२ सप्टेंबरला, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दसरा २ ऑक्टोबरला होता. नवी गाडी काही हजारांनी स्वस्त झाली ती नेमकी अशा वेळी, की जुन्या गाडीत पाणी शिरलेलं आणि रानातलं पीक कुजलेलं. गाडी घेताना प्रत्येक जण विचारतो तो प्रश्न, ‘दगा तर देणार नाही ना?’, त्या वर्षी त्यामुळे फार जड होऊन आला.

या प्रश्नाचं उत्तर आपण गेली चाळीस वर्षं एका जाहिरातीकडून घेत आलो आहोत. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली आणि तिच्याबरोबर ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ हे वाक्य आलं. टाकी भरा, झाकण लावा, विसरून जा. ज्यांना इंग्रजीचा गंध नव्हता त्यांनाही ते समजलं, कारण त्याआधीच्या गाड्या विसरूच देत नसत. राजदूत, येझदी, लूना, सगळ्या टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, प्लग घासायचा, कार्बन काढायचा. बजाजची स्कूटर सकाळी एका अंगावर कलवल्याशिवाय सुरू होत नसे, आणि तरीही १९७२ साली आलेल्या चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. त्याच वर्षी लूनाही आली. ती काढणारं फिरोदिया घराणं कड्याला सगळ्यात जवळचं मोठं शहर असलेल्या नगरचं, हे या भागातल्या जुन्या माणसांना कौतुकाचं वाटे. लायसन्स-परमिटच्या त्या काळात गाडी मिळणं हेच नशीब होतं. ती टिकेल का हे विचारायची सोय नव्हती. म्हणून फोर-स्ट्रोक इंजिन आलं, लिटरला ऐंशी किलोमीटरचा दावा आला, १९९४ साली स्प्लेंडर आली, तेव्हा माणसं सुटल्यासारखी झाली. त्या वाक्याचं श्रेय मी नाकारत नाही. पण त्यातल्या ‘विसरून जा’नं आपल्या विचाराला एक वाकडं वळण लावलं असं मला ठामपणे वाटतं. चांगली गाडी म्हणजे जिच्यात बिघाड होतच नाही, असं आपण धरून चाललो. बिघाड झाल्यावर काय, हा प्रश्न गाडी घेताना विचारणं जवळजवळ अपशकुनासारखं झालं.

कड्यात मात्र खरा प्रश्न तोच आहे. इथं रस्त्यावर उभं राहिलं तर बीडच्या एमएच २३ बरोबर नगरच्या एमएच १६ पासिंगच्या गाड्याही दिसतात. बाजार, दवाखाना, कॉलेज, शोरूम यांसाठी माणसाचा ओढा पन्नासएक किलोमीटरवरच्या नगरकडे, जिल्ह्याचं ठिकाण बीड त्याहून लांब. २३ सप्टेंबर २०२२ला नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली, १७ सप्टेंबर २०२५ला ती बीडपर्यंत पोचली, आणि अनेक दशकांची मागणी पुरी झाली याचा आनंद खराच आहे. पण दिवसाकाठच्या मोजक्या फेऱ्यांची रेल्वे वस्तीवरून डेअरीवर दुधाचे कॅन नेत नाही. पेंडीचं पोतं, फवारणीचा पंप, मागं बायको आणि टाकीवर पोरगं, रात्री-अपरात्री दुखणाईत माणूस, हे सगळं मोटारसायकलवर. शहरात गाडी बंद पडली तर रिक्षा मिळते आणि फार तर ऑफिसला उशीर होतो. वस्तीवरच्या माणसाची गाडी बंद पडली तर त्या वेळचं दूध नासतं, मजुरी बुडते. त्यामुळे कंपनीच्या आणि शेतकऱ्याच्या भरवशाचा हिशोब वेगवेगळा असायला हवा. कंपनी मोजते ती हजार गाड्यांमागे किती बिघडल्या ते. कड्याच्या गिऱ्हाइकानं मोजायचं ते बिघडल्यापासून परत चालू होईपर्यंत किती तास गेले ते. पाच वर्षांत एकदाच बिघडणारी, पण तेव्हा दहा दिवस नगरला पडून राहणारी गाडी त्याच्या दृष्टीनं, वर्षातून दोनदा बिघडून तासाभरात दुरुस्त होणाऱ्या गाडीपेक्षा कमी भरवशाची आहे.

यावर पहिला आक्षेप येणार तो जाणकारांचा, आणि तो वजनदार आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. थंडीत चोक ओढायचा नाही, जेटमध्ये कचरा अडकायचा नाही, पेट्रोल मोजून जातं, धूर कमी. इंजेक्शनची गाडी कार्बोरेटरच्या गाडीपेक्षा कमी कुरकुरते, हे मान्यच करायला हवं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी हे उगाच झाकून ठेवू नये. पण बिघाडाची जात बदलली. कार्बोरेटर हळूहळू बिघडायचा, आधी खोकायचा, आठवडाभर सूचना द्यायचा, आणि पान्याच्या एका संचात खोलता यायचा. इंजेक्शनच्या गाडीतला पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण मेली की तो दाब देत नाही, आणि ढकलूनही गाडी सुरू होईल याची खात्री नाही. सेन्सर गेला तर मीटरवर एक पिवळा दिवा लागतो. तो कशामुळे लागला हे सांगायला स्कॅनर लागतो. कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. होंडानं मार्च २०२३ मध्ये शाइन १०० बाजारात आणताना पेट्रोल पंप टाकीच्या बाहेर बसवला, दुरुस्तीला सोपा जावा म्हणून. खेड्यातल्या गिऱ्हाइकाचा विचार झाला की लोखंडात फरक पडतो, याचा तो छोटा पुरावा. याच्या उलट चाललंय ते किकचं. अनेक नव्या गाड्यांवरून किक गायब झाली आहे आणि याचा मला मनापासून राग आहे. ती काढून वाचणारे पैसे कंपनीला थोडे, पण बटण दाबून नुसता ‘टक’ आवाज येतो तेव्हा माणसाच्या हातात उरलेला शेवटचा उपाय ती होती.

गावातल्या मिस्त्रीला स्कॅनर का मिळत नाही, याबाबत एक जुना निकाल इथं आठवतो. तो चारचाकींचा आहे, पण मोटारसायकलीलाही तितकाच लागू पडावा. २५ ऑगस्ट २०१४ला भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मारुती, टाटा, महिंद्रा, सगळी मोठी नावं त्यात होती. त्यांनी सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना खुली केली नाहीत, आणि त्यामुळे गिऱ्हाईक अधिकृत सर्व्हिस सेंटरला बांधलं गेलं, असा तो ठपका. पुढं अपिलं झाली, दंडाच्या रकमेवर वाद झाले. केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनांचाही समावेश केला. तरी कड्याच्या गॅरेजमध्ये नव्या गाडीचा कोड वाचायचं काम अजून ओळखीपाळखीवर किंवा स्वस्तातल्या नकली उपकरणावर चालणार असेल, तर त्या निकालाचा उपयोग कुणाला झाला? ज्या माणसानं स्प्लेंडरचं इंजिन डोळे झाकून उतरवून परत चढवलं, टायमिंग चेनचा आवाज नुसत्या कानानं ओळखला, त्याच्या हातातलं कसब एका पिवळ्या दिव्यापुढं निकामी ठरतं. गिऱ्हाइकाच्या गाडीचा भरवसा या कसबावर उभा होता. कंपनीच्या जाहिरातीत त्याला कधी जागा मिळाली नाही.

म्हणूनच, शंभर सीसीच्या त्याच त्या गाड्या घेणाऱ्यांना मेंढरं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. जिची चेन, क्लच प्लेट, केबल, ब्रेक शू आठवडी बाजाराच्या गावातही मिळते, ती गाडी घेणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. बजाजची बॉक्सर युगांडा-नायजेरियात भाड्याच्या गाडीचा धंदा करणाऱ्यांनी उचलून धरली ती याच हिशोबानं: कमी पेट्रोल, साधं इंजिन, आणि कुठंही मिळणारे पार्ट. इंजिनिअर लोक बिघाडाचा एक आलेख काढतात, घमेल्याच्या आकाराचा. सुरुवातीला बिघाड जास्त, मग लांबच लांब सपाट तळ, आणि झीज झाली की परत चढ. हे एका गाडीला लागू आहे तसं मॉडेललाही आहे. पहिल्या वर्षाच्या गिऱ्हाइकाच्या पैशानं कंपनी शिकत असते. ओलाच्या विजेवरच्या स्कूटरनं मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला पेट घेतला, महिनाभरात कंपनीनं १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोटीस आली तेव्हा तक्रारींचा आकडा दहा हजारांच्या पुढं होता. ‘पण कुणीच नवं घेतलं नाही तर नवं येणार कसं?’ हा प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे, ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला येतो, त्यानं ती जोखीम खुशाल घ्यावी. कारखान्याच्या उचलीतून डाउन पेमेंट भरणाऱ्या ऊसतोड मजुराकडून प्रयोगाचा खर्च वसूल करू नये.

‘पण पाच वर्षांची वॉरंटी आहे की!’ असं शोरूममध्ये सांगतात. आहे; फक्त तिच्या अटी वाचाव्यात. ठरलेल्या किलोमीटरला अधिकृत केंद्रातच सर्व्हिसिंग, पुस्तकात शिक्का, आणि क्लच प्लेट, ब्रेक शू, रबरी भाग बहुधा वगळलेले. विम्याचंही तसंच. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, म्हणून विमा आहे असं वाटत राहतं. पण पुराचं नुकसान भरून मिळतं ते स्वतःच्या गाडीच्या विम्यातून, आणि तो बहुतेक वेळा वर्षाचाच असतो, पुढं कुणी भरत नाही. कायदा मात्र या बाबतीत गिऱ्हाइकाच्या बाजूला बराच सरकला आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे नगरला घेतलेल्या गाडीचं गाऱ्हाणं बीडच्या आयोगात चालतं; मुदत दोन वर्षांची. १ एप्रिल २०२१ पासून, सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेला बाधक दोष असेल आणि ठराविक प्रमाणात तक्रारी आल्या, तर सरकार कंपनीला गाड्या परत घ्यायला लावू शकतं. यासाठी तक्रार नोंदवावी लागते. गॅरेजच्या बाकड्यावर बसून सांगितलेली तक्रार कुठल्याच हिशोबात येत नाही, आणि खेड्यातल्या बहुतेक तक्रारी तिथंच संपतात.

आणि आता खुद्द टाकीतच बदल झाला आहे. २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी आणि धातूचे भाग त्याला टिकतील असे बनवले जातात. त्याआधीच्या गाड्यांना ती हमी नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसतात, जिथून इंजिन पेट्रोल उचलतं. पुरातून निघालेल्या गाडीची टाकी पूर्ण रिकामी करायला हवी ती म्हणूनच. हे इथेनॉल काही अंशी उसाचं आहे, आणि पश्चिम महाराष्ट्रातला ऊस तोडायला दर दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर कासारहून टोळ्या जातात, मोटारसायकली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून. त्या गाड्या बहुतांशी २०२३च्या आधीच्या. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यानं सरळ लिहिलं होतं, की या मिश्रणानं अशा दुचाकींचं अ‍ॅव्हरेज तीन ते चार टक्क्यांनी घटेल. साठ देणाऱ्या गाडीला लिटरमागे दोन किलोमीटरच्या आसपास. त्याच आराखड्यात असंही होतं, की हे इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त विकावं, म्हणजे गिऱ्हाइकाचं नुकसान भरून निघेल. मिश्रण पंपावर आलं, दर उतरला नाही.