रिकामी टाकी रिकामी नसते!

मुलांनो, एक कोडं घालते. पेट्रोलची एक टाकी काठोकाठ भरलेली आहे, दुसरी नुकतीच रिकामी केलेली आहे. दोन्हींच्या जवळ ठिणगी उडाली, तर स्फोटाची भीती कुठे जास्त? "भरलेल्या टाकीत!" असं तुमचं उत्तर असेल, तर पुढचं नीट वाचा बरं का.

माझ्या मामांकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आईबाबांना विचारा, त्यांना ही गाडी नक्की आठवेल. ती मुंबईत, कुर्ल्याला तयार व्हायची. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमध्ये पूर्वी जिकडेतिकडे पद्मिनीच दिसत. त्यांतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. मामा मात्र आपली गाडी अजून लेकरासारखी जपतात.

गेल्या वर्षी मामेबहिणीच्या लग्नाला तीन दिवस उरले आणि गाडीखाली पेट्रोलचे थेंब दिसू लागले. नवरी तर याच गाडीतून कार्यालयात जायची होती! मामांनी टाकीच्या छिद्रावर कपड्यांचा साबण दाबून बसवला. साबण पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून गळती थोडा वेळ थांबते. मग गाडी सुरू न करता आम्ही ती ढकलतच जवळच्या गॅरेजात नेली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात.

चाचांनी कारण सांगितलं. टाकी अर्धी रिकामी असली की उरलेल्या जागेत हवा असते. रात्री गारवा पडला की हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं, थंड पाण्याच्या पेल्यावर थेंब जमतात ना, तसंच. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. तिथला पत्रा आतून गंजत जातो आणि एक दिवस टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडतं.

मामा म्हणाले, "चाचा, पेट्रोल काढा आणि लगेच वेल्डिंग मारा की! दोन मिनिटांचं काम."

चाचांनी मान हलवली. "साहेब, घाई असेल तर गाडी घेऊन जा. रिकाम्या टाकीला मी आग दाखवणार नाही. गाडी परवा मिळेल, पण धड मिळेल."

असं का बरं? अहो, पेट्रोल पेटतं म्हणजे खरं तर त्याची वाफ पेटते आणि त्यासाठी हवा लागते. भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत मात्र कडेला चिकटलेल्या थेंबांची वाफ होऊन हवेत मिसळते. शंभर भागांत दीड ते सात भाग वाफ असली, तरी एका ठिणगीने स्फोट होतो! वर्गात हे सांगितलं, तेव्हा एकाने विचारलं, "बाई, मग रिकामी टाकी रिकामी नसतेच?" अगदी बरोबर!

चाचांनी आधी बॅटरीची तार काढली. उघड्यावर पेट्रोल काढून टाकी सोडवली. साबणाच्या गरम पाण्याने ती पुन्हा पुन्हा धुतली, आतून बराच वेळ पाण्याची वाफ सोडली आणि तोंडं उघडी ठेवून वाळवली. मग तोंडं बंद करून हलकेच हवा भरली, वरून साबणाचं पाणी लावलं. जिथे बुडबुडे आले, तिथे छिद्र! सायकलचं पंक्चर शोधतात ना, तसंच. तांब्याच्या टोकाचं हत्यार लांब भट्टीत तापवून आणलं आणि कथील-शिशाच्या मिश्रणाने छिद्र बुजवलं. पुन्हा बुडबुड्यांची परीक्षा झाली. या वेळी एकही नाही!

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी नवरी ऐटीत तिच्यातूनच गेली. आता गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असली, की मामा टाकी भरून ठेवतात.

हा उद्योग घरी करून बघायचा नाही हं! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत लांबच्या दिव्यापर्यंतही पोचते. म्हणून बंद जागेत पेट्रोलचा वास आला, तर काडी ओढू नका, विजेच्या बटणालाही हात लावू नका. आधी बाहेर या आणि मोठ्यांना हाक मारा. त्या वेळी घाई करायची, ती फक्त एवढ्याचीच.