बापाचा खुनी

रॉबर्ट ब्रॅडबरी नावाचे गृहस्थ हॉलिवुडात घोडे-बंदुकांचे स्वस्तातले सिनेमे लिहीत आणि स्वतःच दिग्दर्शितही करीत. 'वेस्ट ऑफ द डिव्हाइड' (1934) त्यांचाच. त्यात जॉन वेन बापाच्या खुन्याचा माग काढतो. तासाभराच्या आत खुनी सापडतो, खेळ खलास! पुढच्या सिनेमात पुन्हा घोडे, पुन्हा बंदुका. आमच्या बँकेचं लेजरच म्हणा; आकडे नवे, रकाने तेच.

पण ब्रॅडबरींचा मुलगा बॉब स्टील, तोही हीरो. वडील कॅमेऱ्यामागे धडधाकट उभे, आणि पडद्यावर पोरगा कितीदा तरी मारल्या गेलेल्या बापाचा सूड घेतोय! काय नशीब हो! इथे आमचे चिरंजीव माझा चष्मा शोधायलासुद्धा उठत नाहीत. खुनी राहू द्या, माझ्यामागे निदान पासबुक तरी...

"बाबा, चष्मा कपाळावर आहे," आतून आवाज आला.