एक कडा, दोन सिंह आणि शिंगांची जोडी

कोब्लेंझहून ट्रियरकडे जाणारी गाडी मोझेल नदीच्या काठाने, द्राक्षमळ्यांच्या उतारांखालून धावते. वाटेत मोझेलकेर्न नावाचं छोटं स्टेशन लागतं. तिथून एल्झबाख ओढ्याच्या कडेने रानातली पायवाट एल्ट्झच्या किल्ल्याकडे जाते. वाहनतळ वरच्या पठाराकडे आहे, पण मला खालूनच जायचं होतं. झाडी अचानक विरळ होते आणि ओढ्याने तिन्ही बाजूंनी वेढलेला, सुमारे 70 मीटर उंचीचा कडा समोर उभा राहतो. त्यावर बुरूज, लाकडी चौकटींच्या भिंती आणि निमुळती छपरं एकमेकांना खेटून दाटली आहेत. जर्मनीच्या जुन्या 500 मार्कांच्या नोटेवर हाच किल्ला होता.

मला मात्र ओढ होती ती इथल्या घराण्याची. 1157 साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या एका दानपत्रावर रुडॉल्फ फॉन एल्ट्झ याचं साक्षीदार म्हणून नाव आहे. किल्ला आजही त्याच घराण्याकडे आहे. पुढे 1268 च्या सुमारास एलियास, विल्हेल्म आणि थिओडेरिख या तीन भावांनी जमीनजुमल्याच्या वाटण्या केल्या, आणि किल्ल्याच्याही.

कडा कसा वाटणार? आतल्या चौकात उभं राहिलं की उत्तर मिळतं. चौक अरुंद आहे आणि चहूकडून पाच-सहा मजले अंगावर येतात. प्रत्येक शाखेने आपापलं घर बांधलं आणि जागा नसल्यामुळे ते उंच चढवलं. रुबेनाख शाखेचं घर 1472 मध्ये पुरं झालं. रोडेनडॉर्फची आणि केम्पेनिखची घरं त्यानंतरची. तटबंदी मात्र सामाईकच राहिली. एकत्र वारसांनी सामाईक नांदवलेल्या अशा किल्ल्यांना जर्मनीत ‘गानएर्बेनबुर्ग’ म्हणतात. एकमेकांशी कसं वागायचं, याचे लेखी करार असत. भाऊबंदकीत परसातल्या विहिरीवरून पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून या करारांचं मला फार मोल वाटतं.

शाखा ओळखायच्या त्या कुलचिन्हावरून. केम्पेनिख शाखेची ढाल आडवी दुभागलेली आहे: वर लाल, खाली रुपेरी, आणि लाल भागात वर उसळणारा सोनेरी सिंह. त्याचा पुढचा अर्धा देहच दिसतो. जीभ बाहेर, पंजे फाकलेले. रुबेनाख शाखेचा सिंह रुपेरी. तिसरी, रोडेनडॉर्फ शाखा ओळखली जाते ती रानरेड्याच्या शिंगांनी. शिरस्त्राणावर शिंगांची जोडी मिरवायची जर्मन सरदारांत मोठी प्रथा होती. लोखंडी शिरस्त्राणाआड चेहरा झाकला की माणूस ओळखायचा तो ढालीवरून किंवा अशा चिन्हावरूनच. सिंहावर हक्क सगळ्या भावांचा, मग रंग बदलायचा. त्यालाही शिस्त आहे: सोनं आणि रुपं हे ‘धातू’, लाल, निळा, काळा हे ‘रंग’, धातूवर धातू किंवा रंगावर रंग चढवायचा नाही. म्हणूनच लालावरचा सोनेरी सिंह दुरूनही ठसठशीत दिसतो.

आत वाटाड्याबरोबरच जाता येतं. रोडेनडॉर्फ घरातल्या सरदारांच्या दालनात मी सर्वांत जास्त रेंगाळलो. भिंतींवर विदूषकांचे कोरलेले मुखवटे आहेत: इथे मनातलं मोकळेपणाने बोलावं. आणि दारावर एक गुलाब: इथलं बोलणं बाहेर जाऊ नये. भांडणाऱ्या आप्तांसाठी याहून शहाणी सजावट मला सुचत नाही.

शिंगांची शाखा 1786 मध्ये निर्वंश झाली. 1815 मध्ये सोनेरी सिंहवाल्यांनी रुबेनाख घरही विकत घेतलं आणि साडेपाच शतकांनी किल्ला पुन्हा एका हाती आला. पण रुपेरी सिंहाचा वंश चालूच राहिला. त्यातला पॉल फॉन एल्ट्झ-रुबेनाख हा हिटलरच्या मंत्रिमंडळात टपाल आणि वाहतूक मंत्री होता. 1937 मध्ये हिटलर मंत्र्यांना नाझी पक्षाचं सुवर्णपदक देत असताना, चर्चवरच्या हल्ल्यांचं कारण देऊन त्याने ते तोंडावर नाकारलं आणि मंत्रिपद गमावलं. त्याआधीची चार वर्षं तो त्याच सरकारात होता, हेही विसरता येत नाही.

परतण्याआधी समोरच्या टेकाडावर चढलो. तिथे ट्रुट्झएल्ट्झचे पडके अवशेष आहेत. एल्ट्झ, एरेनबुर्ग, शोनेक आणि वाल्डेक इथल्या सरदारांनी ट्रियरचा आर्चबिशप बाल्डुइन याच्या सत्तेला एकजुटीने विरोध केला, तेव्हा 1331 नंतर त्याने एल्ट्झला वेढा घालायला हा छोटा किल्ला बांधला. यंत्रांनी दगडी गोळे एल्ट्झवर फेकले गेले. उंचावरून पाहिलं की बाल्डुइनने जागा किती अचूक हेरली होती ते कळतं. खालची छपरं अगदी माऱ्यात येतात. शेवटी एल्ट्झच्या सरदारांना वाकावं लागलं. आणि 1567 साली ट्रियरच्या त्याच आर्चबिशपपदावर निवडून आला याकोब फॉन एल्ट्झ.